डबल बेल

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
एकतीस वर्षं ह्यांनी दोरी ओढली
आणि स्वारगेट ते कात्रज
माणसं चढवली, उतरवली.
आता स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजतो, डाव्या हाताने.
एकदा: नको.
दोनदा: हो, दे.
चौदा महिने अख्खा संसार
ह्या दोन घंट्यांवर चाललाय.

शब्द येतात, येत नाहीत असं नाही,
पण चुकीच्या गाडीत बसून येतात.
पाणी हवं असलं की म्हणतात "चप्पल".
चप्पल पुढे केली की पाणी डोळ्यांत.
माझा भाऊ कोंढव्याहून कसलंसं तेल घेऊन आला,
"इच्छाशक्ती पाहिजे, दाजी," म्हणाला,
तर हे स्वच्छ, खणखणीत:
"सुट्टे द्या."
मी पदर तोंडात कोंबून हसले.
हेही हसले, मग थांबता येईना,
हसणं उताराला लागलं, ब्रेक फेल,
आणि तळाशी पोचलं तेव्हा ते रडणं होतं.
डॉक्टर म्हणतात, हेही त्या झटक्यातलंच,
मनावर घेऊ नका.
कशावर घेऊ मग?

उजवा हात मांडीवर असतो
पाहुणा विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
ह्याच हाताने तिकिटं पंच करायचे.
मुलीने माळ्यावरून तो पंच काढला, गंज घासला,
तेल घातलं (मामाचंच),
"दाबा अण्णा, रोज वीस वेळा."
जुन्या लग्नपत्रिका कापून ठेवल्यात.
पहिल्या महिन्यात नुसता ओरखडा.
दुसऱ्यात ओरखडा.
दिवाळीच्या आसपास एक भोक, अर्धवट,
कुणा वधूच्या नावातच.
तो तुकडा मी लाइटबिलांच्या फायलीत ठेवलाय.

शिवाय आरसा.
डावा हात आरशापुढे, उजवा आरशामागे.
डावा उघडतो, मिटतो,
आरशात उजवा उघडतो, मिटतो.
मेंदूला फसवायचं, म्हणे.
ह्या माणसाने कधी कुणाचे चार आणे ठेवून घेतले नाहीत.

बुधवारी तबस्सुम इनामदार येतात, वाचेसाठी.
"काका, बायकोचं नाव?"
घाम.
"हा चमचा की कंगवा?"
घाम.
मग त्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमची गाडी कुठून सुटायची?
आणि इतके महिने डेपोत उभी असलेली जीभ
सुटलीच:
स्वारगेट, लक्ष्मीनारायण, पंचमी हॉटेल,
भापकर पंप, अरण्येश्वर, पद्मावती,
बालाजीनगर, भारती विद्यापीठ,
मोरे बाग, कात्रज, चला, उतरून घ्या.
मी गवार करपू दिली.

बाई म्हणाल्या, पाठ झालेलं वेगळ्या कप्प्यात असतं,
तिथून एखादी बोळ काढू आपण.
सहा महिन्यांनी दार बंद होतं म्हणतात, ते खरं नाही.
जड होतं, एवढंच.
"तुमचं नाव मध्ये घालून बघू."
भापकर पंप, अरण्येश्वर, अंजना, पद्मावती.
ह्यांनी चमचा उचलला.
ठण्.
एकच.
असा स्टॉप नाही.

आता रोज संध्याकाळी धनकवडीच्या आमच्या गॅलरीत
दोन खुर्च्या, एकामागे एक.
मी पुढे. पॅसेंजर.
काल पद्मावतीला गाडी अडली.
पुढचं नाव लगेच सांगायचं नाही,
दहापर्यंत मोजायचं, असं बाईंनी बजावलंय.
मी ओठ मिटून मोजत होते.
सातावर मागून आवाज आला,
"कुठं?"
मी वळले. माझ्याकडेच बघत होते,
नव्याने चढलेल्या बाईकडे बघावं तसे.
हा शब्द पाठातला होता की माझ्यासाठी,
कोण सांगणार.
"कात्रज," मी म्हटलं. "एक फुल."

चमचा खाली पडला होता.
त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलला,
खुर्चीच्या दांडीवर सोडला.
ठक.

मग बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं.
मी पुढे तोंड करून
दुसरीची वाट बघत बसले.